बुडवाल्यांकडचा नवीन माणूस

गल्लीत त्यांना सगळे बुडवाले म्हणत. दारावरच्या पाटीत ‘मॉडेल बोटींचे हल तयार मिळतील’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण हल म्हणजे काय हे गल्लीला कोण सांगणार? एकदा शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांच्या बायकोनं सोपं करून सांगितलं, "बोटीचं बूड हो. वरची केबिन, धुराडं, मोटर, रंग, ते सगळं गिऱ्हाईक आपलं आपण बसवतं. आमचे हे नुसती बुडं करतात." झालं! आठवड्याच्या आत पार्सलवालासुद्धा "बुडवाले, सही!" म्हणून दारातून हाक मारू लागला.

बुडवाल्यांना हे नाव मुळीच आवडत नसे. तसं त्यांना बरंच काही आवडत नसे, आणि त्यातलं बहुतेक दुसऱ्यांचं असे. माणूस कष्टाळू, शब्दाला पक्का, व्यसन म्हणाल तर चहाचं. खोड एकच, दुसऱ्याचं बरं झालं की यांच्या पोटात दुखायला लागायचं. समोरच्या किल्लीवाल्याच्या दुकानावर दुपारी सावली येते आणि आपल्यावर येत नाही, याचासुद्धा त्यांना राग. थोरल्या भावाचे केस साठीतही काळे, त्याचाही राग. पण सगळ्यांत मोठा राग गिऱ्हाइकांवर. लोक हल घेऊन जात, महिनोन् महिने खपून त्यावर बोट उभी करत आणि फोटो पाठवत, खाली लिहिलेलं असे, ‘माझी नवी बोट’. बुडवाले तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघत आणि चडफडत. "माझी बोट म्हणे! रंग दिला म्हणून याची झाली? उद्या न्हावी म्हणेल, हे डोकं माझं."

तळमजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा कारखाना. बाहेरच्या खोलीत फळ्यांवर तयार हल पालथे घालून ठेवलेले असत. मासेमारीच्या बोटींचे, शर्यतीच्या निमुळत्या होड्यांचे, आणि बंदरात मोठ्या जहाजांना ओढून नेणाऱ्या त्या आखूड, पोट सुटलेल्या टगचे. आतल्या खोलीत साचे, लांब टेबल, चिकट रेझिनचे डबे आणि काचेच्या धाग्याच्या कापडाचं भेंडोळं. रेझिनचा वास वरच्या मजल्यावर अंथरुणापर्यंत पोचलेला. काचेची बारीक कुसं अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते, म्हणून दोघंही ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून काम करत. तिच्या अंगात यांचेच जुने शर्ट असत.

या कामाची रीत उलटी आहे. साच्याला आतून मेण घासायचं, त्यावर रंगाचा थर, त्यावर कापड, आणि कापडावर ब्रशनं रेझिन चोपायचं. म्हणजे जो थर सगळ्यात आधी लागतो तो जगाला दिसतो, आणि शेवटचा थर पोटात जातो. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की घाई सुरू होते. ते धरायच्या आत कापड सगळ्या कोपऱ्यांत बसलं पाहिजे आणि खाली हवा अडकता कामा नये.

बुडवाले मागून पुढे येत. बोटीची मागची बाजू सपाट, तिथे कापड झटकन बसतं, म्हणून सुरुवात तिथून. पुढच्या निमुळत्या नाकाची अडचणीची जागा शेवटी. बायकोलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. सुरुवातीच्या काळात तिनं एकदा भीत भीत विचारलं होतं, "अहो, आधी नाकापासून सुरू केलं तर?"

"हल कोण करतं? तू का मी?" बुडवाले म्हणाले होते. तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

खरं तर करत दोघंही होते. फळीवरचे निम्मे हल तिच्या हातचे असत. पण कुणी विचारलं तर बुडवाले सांगत, "ही असते मदतीला," किंवा, "माझ्या हाताखाली असते." यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता हो. त्यांना मनापासून तसंच वाटायचं, आणि खरी अडचण तीच होती.

लेकीनं नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाण्याआधी इंटरनेटवर कारखान्याचं एक पान करून दिलं आणि त्यावर नंबर टाकला आईचा. "बाबा फोनवर नुसते ‘हं’ म्हणतात," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, चुकीचा नंबर लागला." तेव्हापासून फोन बायकोकडे गेला. फोन गेला तो गेला, फोनच्या मागून टगवाला आला.

टगवाला म्हणजे बसनं अर्ध्या दिवसावरच्या एका गावचं गिऱ्हाईक. घ्यायचा फक्त टगचा हल. एक नेला, मग दुसरा, मग तिसरा, मग बुडवाल्यांनी मोजायचं सोडलं. बरं, बाकीची गिऱ्हाइकं एका बोटीचे चौदा फोटो पाठवायची, याच्याकडून फोटो म्हणून नाही. आणि बोलायचा फक्त तिच्याशी. एकदा ती आंघोळीला गेली असताना बुडवाल्यांनी फोन उचलला.

"बाई नाहीत का?" पलीकडून अगदी गोड आवाज.

"हं."

"मग नंतर करतो." आणि फोन बंद!

बायको त्याच्याशी बोलताना खिडकीशी जायची. म्हणे आत आवाज तुटतो. आणि तिथे उभी राहून हसायची. ओठांतल्या ओठांत नव्हे, चांगलं खांदे हलवून. बुडवाले आतून मेण घासता घासता तिच्या पाठीकडे बघत आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. आपल्या बोलण्याला ही शेवटची अशी कधी हसली, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. त्याचा दोषही त्यांनी टगवाल्याच्याच नावावर टाकला.

त्यात एक दिवस टगवाल्याची मागणी आली म्हणून बुडवाल्यांनी फळीवरचा एक टग उचलला, तर बायको लगबगीनं पुढे आली. "तो नको. त्यांचा मी बाजूला ठेवलाय."

"त्यांचा म्हणजे? दोन्ही टगच ना? एकाच साच्यातले?"

"असू देत," असं म्हणून तिनं टेबलाखालून दुसरा काढला, जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून आत भरली आणि तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसा गुंडाळला. बाकीची पार्सलं ती कधी अशी बांधत नसे. निदान त्या दिवशी तरी बुडवाल्यांना तसं वाटलं.

संशयाला एकदा पाय फुटले की तो घरात बसत नाही, समोरच्या दुकानात जातो. किल्लीवाला चाव्या घासत होता. बुडवाल्यांनी सगळं सांगितलं, अर्थात ‘माझ्या एका मित्राच्या बाबतीत’ असं म्हणून. किल्लीवाल्यानं मित्राचं नाव विचारलं नाही.

"एकच वस्तू परत परत घेतो?" त्यानं चष्म्यावरून बघितलं. "वस्तूसाठी येत नसणार. मी वर्षभर एका दुकानातून रोज बिस्किटं घ्यायचो. मला बिस्किटं आवडत नाहीत."

"मग?"

"मग काय, दुकानवाली आता माझ्या घरी असते. बिस्किटं अजून आवडत नाहीत."

आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच. त्या रात्री जेवताना बुडवाल्यांचा घास तोंडात फिरू लागला. शेवटी ताट सरकवून त्यांनी विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"नाटकं नकोत. टगवाला. एवढी बुडं कुणी घेतं का? आणि तू काय हसतेस! फोन कानाला लागला की ताल बदलतो तुझा. मी आंधळा नाही."

बायकोनं हातातला घास ताटात परत ठेवला. काय ऐकलं ते आत पोचायला वेळ लागला बहुतेक. मग तिचा चेहरा लाल झाला. "या वयात?" ती म्हणाली. "हातांची ही सालटी निघालेली, केसांत रेझिन, अंगात तुमचा फाटका शर्ट, आणि माझ्यावर संशय घेताय? जन्मभर बुडं केलीत हो, पण आरोप करायची वेळ आली तेव्हा नेमका बिनबुडाचा सापडला!"

"मग सांग ना, काय आहे ते."

"नाही सांगत. मी सांगितलं तर तुम्हाला खोटंच वाटणार." तिनं ताटं उचलली. "उद्याचं त्यांचं पार्सल तयार आहे. वर पत्ता आहे. पार्सलवाल्याला देऊ नका. तुम्हीच घेऊन जा आणि डोळ्यांनी बघून या."

"जातोच," बुडवाले म्हणाले. असं म्हणताना त्यांना वाटलं होतं, ती अडवेल. तिनं अडवलं नाही, उलट सकाळी डबा भरून दिला.

बसमध्ये पार्सल मांडीवर घेऊन बुडवाल्यांनी भाषण तयार केलं. सुरुवात ‘हे बघा, मी सभ्य माणूस आहे’ अशी होती आणि शेवट फारसा सभ्य नव्हता. पत्ता निघाला एका सार्वजनिक बागेचा. बागेत मोठं तळं, तळ्याकाठी पत्र्याची टपरी, आणि टपरीवर पाटी, ‘बोट चालवा’. काठावर मुलं रिमोट घेऊन ओळीनं उभी होती आणि पाण्यात दहा-बारा टग एकमेकांवर, काठावर, बदकांवर जमेल तिथे आपटत होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक काटकुळा म्हातारा, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, पाण्यात उभा राहून अडकलेल्या बोटी सोडवत होता. तोच टगवाला! बुडवाल्यांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा. भाषण घशातच राहिलं.

म्हाताऱ्यानं पार्सल पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बाईंकडून? आणि खास माणूस पाठवला होय! या, या, बसा."

बुडवाल्यांनी ‘मी माणूस नव्हे, मालक’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यानं कागद फाडून हल बाहेर काढलासुद्धा. दोन्ही तळव्यांवर तोलला, मग उन्हाकडे धरून आत डोकावला. "वा. बाईंचा हात."

"कशावरून?" बुडवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हे काय, कापडाचा सांधा बघा. नाकाकडून मागे गेलाय. नाकात सगळं रेझिन नीट मुरलंय, पांढरा डाग नाही कुठे. आणि हलका बघा किती. दुसरा जो हात आहे ना तुमच्याकडे, त्याचं उलटं. तो मागून पुढे येतो. नाकाशी येईपर्यंत रेझिन धरत असणार, म्हणून मग वरून भसाभस ओततो. जड तर होतंच, वर नाक कच्चं ते कच्चंच. थांबा, दाखवतो." टपरीच्या मागे एक ढीग होता. सगळे टगच, नाकाशी उभे चिरलेले. "हे सुरुवातीचे. पोरं आपटणारच हो, पोरंच ती. मी तर भांडायलाच फोन केला होता. बाईंनी आधी विचारलं, आत बघून सांगा, सांधा कुठल्या बाजूला आहे? मी सांगितलं. मग म्हणाल्या, पुढचा मी स्वतः करून पाठवते. तेव्हापासून एक फुटलेला नाही."

"मग परत परत घेता कशाला?"

"धंदा वाढला! दोन बोटींवर सुरू केलं होतं, आता तळं पुरत नाही."

बुडवाल्यांनी ढिगातला एक चिरलेला हल उचलला. आपला हात माणूस अंधारातसुद्धा ओळखतो. पोटात रेझिनचं घट्ट तळं साचलेलं, नाकात पांढुरकी, कोरडी जागा. ते ज्याला इतकी वर्षं मजबुती म्हणत आले होते ते हे. तो हातात धरूनच त्यांनी विचारलं, "आणि हे कुणी केले म्हणाल्या... बाई?"

"नवीन माणूस ठेवलाय म्हणाल्या. मेहनती आहे, पण हात अजून बसला नाही. म्हणाल्या, त्याला काही बोलू नका हं, फार मनाला लावून घेतो." म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बुडवाल्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का ते?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. बुडवाल्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनी म्हाताऱ्यावर सोडलं.

"या वयात नवीन काम धरलंत, कौतुक आहे," टगवाला म्हणाला. "बाईंच्या हाताखाली आहात, शिकाल. स्वभाव काय गोड त्यांचा! मी त्यांना इथल्या पोरांचे किस्से सांगतो, पोट धरून हसतात. परवा एका मुलीची बोट बदकाला धडकली, तर ती रिमोट टाकून बदकाची माफी मागायला पाण्यात उतरली. बरं, तुमचे मालक कसे आहेत हो? फोनवर भारी तुसडे वाटतात. नुसतं ‘हं’."

"हं," बुडवाले म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी डबा उघडला नाही. संशय खोटा ठरला म्हणून माणसानं सुटकेचा श्वास सोडावा की नाही? बुडवाल्यांचा श्वास अडकूनच राहिला. त्यांच्या मनात जे आलं ते ऐकून तुम्ही हसाल, पण ते खरं होतं. त्यांना वाटलं, त्या म्हाताऱ्याचा बायकोवर डोळा असता तर परवडलं असतं. भांडलो असतो, दोन शिव्या घातल्या असत्या, गल्लीनं आपली बाजू घेतली असती. पण त्याचा डोळा तिच्या हातावर होता. त्या हातावर आता यांचाही डोळा गेला, आणि तो जळका होता. आपण जिला शिकवलं तिचा हात आपल्याला मागे टाकून गेला. कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. आणि वर तिनं आपल्याला झाकून घेतलं! मनाला लावून घेतो म्हणे. हे झाकणंच त्यांना सगळ्यात जास्त झोंबत होतं.

"भेटले?" घरी आल्यावर बायकोनं विचारलं.

"हं. म्हातारा आहे."

"मी कुठे तरुण म्हटलं होतं?"

"चुकलं माझं," बुडवाले जमिनीकडे बघून पुटपुटले. "तसलं बोलायला नको होतं."

"आणखी काही म्हणाले का ते?"

बुडवाल्यांनी पायातून चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या, एक तिरकी झाली होती ती पुन्हा सरळ केली. "नाही," ते म्हणाले. "काही नाही." बायको पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर बुडवाले तिचं काम बघू लागले. उघड नव्हे. मेणाचा डबा शोधायच्या निमित्तानं, खिडकी लावायच्या निमित्तानं, आपलंच टेबल पुसता पुसता. इतकी वर्षं ती शेजारी उभी राहून काम करत होती आणि त्यांनी तिच्या हातांकडे कधी बघितलं नव्हतं. ती आधी नाकात कापडाचा छोटा तुकडा बसवायची, मग मोठं कापड तिथून मागे सोडत जायची. ब्रश ओढायची नाही, टोकानं ठोकायची, टपटपटप. आणि शेवटी कापडाची जुनी चिंधी घेऊन जास्तीचं रेझिन टिपून काढायची. बुडवाले ओतायचे आणि ही काढायची! आपल्याला हे कधी सुचलं नाही याचा त्यांना राग आला, आणि तिला सुचलं याचा त्याहून जास्त आला. जेवताना तिचे हात दिसत, भांडी घासताना दिसत. चिरलेली बोटं, नखांच्या कडांना वाळलेलं रेझिन. आपलेच तर तसे आहेत, मग यात आणि त्यात फरक काय? विचारलं असतं तर तिनं दहा मिनिटांत दाखवलं असतं. पण विचारायचं म्हणजे बूड टेकून तिच्यासमोर विद्यार्थी होऊन बसायचं. त्यापेक्षा जळत राहिलेलं त्यांना सोपं वाटलं.

लेकीला बरं नव्हतं म्हणून बायको थोडे दिवस तिच्याकडे राहायला गेली. ती रिक्षात बसली आणि बुडवाल्यांनी आतून कडी लावली. चोरी आपल्याच घरात, आपल्याच साच्यात करायची होती. टगवाल्याची पुढची मागणी आज ना उद्या येणारच होती आणि टेबलाखालचा त्याचा कोपरा रिकामा होता. एकच प्रश्न त्यांना खात होता. तिच्या हातात खरंच असं काही आहे का, की जे माझ्या हातात नाही? म्हाताऱ्याला हा तिचाच हात वाटला, तर नाही. म्हातारा फसला तर ही सगळी नुसती रीत, आणि रीत काय, कुणीही उचलावी.

पहिला हल बिघडला. नाकापासून सुरू केलं, पण हाताला मागची सवय. ब्रश ओढला गेला, कापड गोळा झालं. दुसरा बरा आला, पण जड. तिसऱ्या वेळी त्यांनी हात आवरला. ठोकायचं, ओढायचं नाही. टिपायचं, ओतायचं नाही. मधेच त्यांच्या लक्षात आलं, की आपण श्वाससुद्धा ती घेते तसा ओठ मिटून घेतोय. दुसऱ्या दिवशी साच्याचे बोल्ट सैल करून, कडेला लाकडी पाचर ठोकून त्यांनी हल सोडवला. टकदिशी सुटला. हातात घेतला तर काय, हात रिकामा असल्यासारखा. उजेडाकडे धरला. नाकात डाग नाही, पोटात तळं नाही. इतक्या वर्षांत इतका सुंदर हल त्यांच्या हातून निघाला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. त्यांना आनंद झाला. खरा, लहान मुलासारखा आनंद झाला, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्रं चुरगाळून भरली, तिच्यासारखंच गुंडाळलं, पत्ताही तिच्या वळणाचा काढला आणि पार्सल पाठवून दिलं. बिघडलेले दोन फोडून कचऱ्यात टाकले.

बायको परत आली. लेकीचं ताप-खोकल्याचं सगळं सांगून झालं, काम सुरू झालं, दिवस गेले. बुडवाले रोज फोनकडे बघत. शेवटी एका दुपारी तो वाजला. बायको नेमकी साच्यावर वाकलेली, दोन्ही हात रेझिननं भरलेले. "अहो, जरा तो स्पीकरवर टाका," ती म्हणाली. बुडवाल्यांनी बटण दाबून फोन टेबलावर ठेवला.

"बाई!" टगवाला जवळजवळ ओरडलाच. "या वेळचा हल म्हणजे कळस आहे हो! परवा एका मुलानं वेगात आणून दगडी काठावर घातला. काठाचा टवका उडाला, हलाला ओरखडा नाही. आणि वजन? तुमचे आधीचे चांगले होतेच, पण हा त्यांच्याही वर. कसा केलात?"

बायकोचा ब्रश थांबला. या वेळचा हल? तिनं टेबलाखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, मग दाराशेजारच्या पार्सलांच्या जागेकडे, आणि मग नवऱ्याकडे. बुडवाल्यांचे कान तापले होते. छाती मात्र फुगली होती, ती त्यांना दाबता येत नव्हती. त्यांच्याही वर! तिच्याही वर! तिच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्याला पत्ताच नव्हता.

"तुमचा तो नवीन माणूस आहे का तिथे?" फोनमधून आवाज आला. "त्याला सांगा म्हणावं, काम असं असतं."

बायकोनं ब्रश डब्याच्या कडेला निथळला. मग तिनं हनुवटीनं फोनकडे खूण केली. "तो इथेच आहे. तुम्हीच बोला त्याच्याशी."

बुडवाल्यांनी फोन उचलला. "हं."

"ओळखलं! अहो, एक खरं सांगा मला. सांधा बाईंचाच आहे, पण ठोकण्यात जरा जोर जास्त दिसतो. पुरुषाचा हात वाटतो. तुम्ही तर नाही केलात? केला असेल तर पाठ थोपटतो. बाईंकडून शिकलात म्हणायचं!"

मी, एवढंच म्हणायचं होतं. एकच अक्षर. त्यासाठी तर ते इतके दिवस झुरले होते. पण ‘मी’ म्हटलं की पाठोपाठ ‘बाईंकडून शिकलात’ येणार, आणि त्याला हो म्हणावं लागणार, तिच्यासमोर. नाही म्हटलं तर जन्मातला सगळ्यात चांगला हल तिच्या पदरात पडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. समोर बायको उभी होती. ती हसत नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. ब्रश हातात धरून, काय ऐकायला मिळतंय याची वाट बघत होती. तिनं जर त्या वेळी तोंड वेडंवाकडं केलं असतं तर बुडवाल्यांना खरं बोलणं सोपं गेलं असतं.

"नाही हो," बुडवाले म्हणाले. "मी नाही. बाईंनीच केला."

"खात्रीनं?"

"खात्रीनं. इथे चांगलं जे काही होतं ते त्याच करतात."

हे त्यांनी मोठेपणानं म्हटलं नव्हतं. तिचा विद्यार्थी ठरण्यापेक्षा तो हल तिला देऊन टाकलेला बरा, एवढाच त्यातला हिशेब. पण वाक्य तोंडातून गेलं आणि आपल्याच कानांवर पडलं तेव्हा त्यांना कळलं, की ते खरं आहे. एवढ्या वर्षांत कुठल्याही दिवशी म्हणता आलं असतं. फक्त या एका हलाबद्दल ते खोटं होतं.

टगवाला आणखी काहीबाही बोलून थांबला. बुडवाल्यांनी फोन खाली ठेवला आणि तिच्याकडे बघायचं टाळण्यासाठी एक फडकं शोधायला लागले. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

बायकोनं साच्यावर पुन्हा वाकून ब्रश टेकवला, दोनदा ठोकला आणि थांबली. डोळे पुसायला हात वर नेला, पण तो रेझिननं भरलेला होता, म्हणून खांद्यानंच गाल पुसला.

"इतके केले मी," ती म्हणाली. "बाईंनी केला म्हणायला तुम्हाला हाच सापडला?"